किक नसलेली स्कूटर

बाबांच्या डोक्यातून माणसं एकेक करून पुसली गेली, पण स्कूटर काही पुसली गेली नाही. आधी शेजारचा शिंपी, मग सख्खा धाकटा भाऊ, आणि सहा महिन्यांपूर्वी खुद्द पोटची मुलगी. आई तेवढी उरली होती, तीही कधी बायको म्हणून, तर कधी नुसतीच ‘त्या बाई’ म्हणून. पण सकाळचा चहा झाला की म्हातारा न चुकता अंगणात जायचा, फडक्यानं स्कूटर पुसायचा आणि किक मारायचा. पाच मिनिटं धूर आणि फटफट, की स्वारी दिवसभर खूश.

“सवत आहे मेली माझी,” आई म्हणायची. “मला विसरतील, तिला नाही विसरायचे.”

मुलगी जळक्या मोटारी भरून द्यायची. मिक्सर असो की पाण्याचा पंप, तांब्याची तार गुंडाळून ती मेलेली मोटार उठवायची, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. का नसावा? तेवढ्यात सरकारी फर्मान आलं, की इतक्या जुन्या पेट्रोलच्या गाड्या यापुढे रस्त्यावर दिसता कामा नयेत. भंगारात घाला, नाहीतर विजेवर करून घ्या. आई म्हणाली, रस्त्यावर न्यायचीय कुणाला, राहू दे अंगणात, मारू देत त्यांना किक. पण हिचे हात शिवशिवत होते. आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंच होतं. बाबांना मागं बसवून सगळीकडे फिरवावं. वारा लागला, ओळखीचे रस्ते दिसले, तर कोण जाणे, एखाद्या वळणावर त्यांना आपली लेकही आठवेल. वेडी आशा, पण माणूस आशेवर काय काय करतं.

तिनं कामाला हात घातला. इंजिन उतरवलं, पेट्रोलची टाकी काढली, मागच्या चाकात मोटार बसवली, टाकीच्या जागी बॅटरी. बाबा शेजारी स्टूल टाकून बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “मिस्त्री, तुम्ही नवीन का?” तिनं सांगितलं, बाबा, मी आहे. ते ओशाळून हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्त्री. चौथ्या दिवसापासून तिनं सांगणं सोडून दिलं. ज्या बापानं जन्मभर अगं-तुगं केलं, त्यानं अहो-जाहो करावं हे फार लागतं, पण बोलणार कुणाला?

पण ते तीन आठवडे मजेचे गेले, हेही तितकंच खरं. तिनं हात पुढं केला की न विचारता नेमका पाना हातात यायचा. नट घट्ट बसला की बाबा म्हणायचे, “घाई नको मिस्त्री, आधी तेल पाजा.” आई दारातून बघायची आणि पदराआड हसायची. भंगारवाला आला तेव्हा मुलीनं इंजिन उचलून त्याच्या गाडीवर ठेवलं. आईच्या तोंडचं हसू गेलं. “ठेव गं ते,” ती म्हणाली. मुलीनं ऐकलं नाही. अंगणात जागा कुठं आहे, म्हणाली.

रविवारी सकाळी स्कूटर तयार झाली. तोच निळा रंग, तोच गोल दिवा, सीटही तीच. ती बाजूला झाली आणि म्हणाली, बघा बाबा. बाबा पुढं आले. गाडी अंगाकडे जराशी कलती केली, जुन्या स्कूटरला पेट्रोल उतरायला करतात तशी, आणि किकसाठी पाय हाणला. पाय हवेतून गेला. त्यांनी खाली वाकून पाहिलं, पुन्हा हाणला, आणि तोल जाऊन पडणार इतक्यात तिनं धरलं. मग तिनं किल्ली फिरवून चाक चालवून दाखवलं. चाक फिरलं, अगदी गुपचूप. बाबा त्या चाकाकडे बघतच राहिले.

“ही नव्हे,” ते म्हणाले. “आमची कुठं आहे?”

तिनं नंबर दाखवला, हँडलखालचा पोचा दाखवला. बाबांनी मान हलवली आणि घरात निघून गेले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तसाच टाकून अंगणभर गाडी शोधत फिरले, आणि तिसऱ्या दिवशी बाहेर आलेच नाहीत. मुलगी भंगारवाल्याकडे धावली. इंजिन फोडून त्याचं ॲल्युमिनियम केव्हाच पुढं गेलं होतं. तसलंच दुसरं मिळेल का म्हणून तिनं सगळं भंगार पालथं घातलं. रिकाम्या हातांनी परत आली, तेव्हा आईनं नुसतं ताट वाढून पुढं ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबा पहिल्यांदाच आपणहून तिच्यापाशी आले. आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली केला.

“मिस्त्री, तुमचा दोष नाही. गाडी चोरीला जाते, चालायचंच. पण माझी एक अडचण आहे. माझी मुलगी शाळा सुटली की फाटकाशी उभी असते. गर्दीत तिला मी दिसत नाही, ती स्कूटरच्या आवाजावर धावत येते. आता तिला कसं कळणार मी आलोय ते?”

तिनं त्यांचा हात धरला.

“कळेल तिला. ओळखेल ती तुम्हाला.”

बाबांनी हळूच हात सोडवून घेतला. रागानं नाही, परक्या बाईचा हात सोडवतात तसा, अदबीनं.

“नाही हो,” ते म्हणाले. “तुम्ही तिला ओळखत नाही.”