नोरीनच्या इंजिनावरचं अंडं

क्लॅरी पेंगिलीचं म्हणणं असं होतं की त्याच्या मेलेल्या भावाची पिकअप आता भंगारात जावी आणि भावाच्या बायकोने, म्हणजे नोरीनने, अ‍ॅडलेडला लेकीकडे जावं. गेल्या साली लाल कड्याच्या चढावर त्या गाडीने अशी वाफ सोडली होती की पलीकडच्या गावातल्या बायकांनी आभाळ आलं समजून दोरीवरचे कपडे आत घेतले.

नोरीनला अ‍ॅडलेड नको होतं. तिथे शेजारी इतके जवळ राहतात की त्यांची शिंक आपल्या चहात पडते, असं तिचं ठाम मत. पण गाडीशिवाय या माळावर राहणं शक्य नव्हतं, आणि गाडी दोघा भावांच्या नावावर. तेव्हा तिने भर पबमध्ये, सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"जुलैच्या चढाईला मी उतरतेय, भाऊजी. माझं अंडं शिजलं तर गाडी तुमची, मी लेकीकडे. नाही शिजलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

अंड्याची रीत त्या गावचीच. पाण्याची टाकी लादून कडा चढायचा, वर बॉनेट उघडून इंजिनाच्या झाकणावर अंडं फोडायचं. पबवाल्या बर्लची सिगारेट संपेपर्यंत ते शिजलं, तर गाडी बाद.

इंजिन थंड ठेवायला गावातल्या पुरुषांना एकच उपाय माहीत. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, ती पार उपटून टाकायची. पबच्या पडवीत अशा झडपा माळेने टांगल्या होत्या. वारा सुटला की त्या देवळातल्या घंटेसारख्या वाजत आणि मेंढ्या रांगेने प्रार्थनेला येत.

नोरीनने उपटायला साफ नकार दिला. तिने लवकर उघडणारी एक स्वस्तातली झडप आणली, जुनी काढली, आणि चुलीवर चहाच्या डब्यात दोन्ही दोऱ्याने सोडल्या. तळाशी बुडबुडे धरले न धरले तोच नवीने तोंड उघडलं. जुनी मात्र पाणी खळखळेपर्यंत ढिम्म, अगदी तिच्या नवऱ्यासारखी. मग दोन बोल्ट, सांध्यात पाणी गळू नये म्हणून एक गॅस्केट, आणि काम झालं. नवऱ्याच्या कंगव्याने तिने रेडिएटरही विंचरला. त्यातून निघालेले टोळ खाऊन कोंबड्या उडायला लागल्या.

क्लॅरी कुंपणाला रेलून बघत होता. "वहिनी, एवढ्याशा बटणावर कडा चढणार?"

"बटण नसलं की विजारीचं काय होतं ते ठाऊक आहे ना, भाऊजी?"

जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा; चढाईच्या सकाळी गवतावर हिम होतं. झडपा उपटलेली इंजिनं गरमच होईनात, नुसती खोकत राहिली. मग दर हिवाळ्यासारखे सगळ्यांनी रेडिएटरपुढे बिअरच्या खोक्यांचे पुठ्ठे बांधले. कड्याच्या पायथ्याशी ते सोडायचे असतात, नाहीतर चढावर वारा अडून इंजिन उकळतं. नोरीनच्या गाडीला पुठ्ठा लागलाच नाही. ती आपली मजेत गुरगुरत उभी.

पायथ्याशी सगळ्यांनी पुठ्ठे सोडले. क्लॅरी मात्र खिडकीतून रुमाल हलवून वहिनीला अ‍ॅडलेडचा निरोप देण्यात रंगला होता. तसाच, पुठ्ठ्यासकट, वर निघाला.

नोरीन मागून निघाली. दुसरा गियर, मागे टाकी डचमळतेय, तापमानाचा काटा वर सरकतोय. मधल्या वळणावर, जिथे गेल्या साली गाडी फुटली होती, काटा थबकला. तिने पाय उचलला नाही. फुटायचं तर फूट, पण वर जाऊन फूट, असं तिने गाडीला बजावलं. काटा तिथेच राहिला.

वर क्लॅरीची गाडी वाफेत दिसेनाशी झाली होती. बर्लने अंदाजानेच अंडं फोडलं. सिगारेट पेटायच्या आत त्याला कडेने जाळी धरली. मग वाफ विरली आणि समोरचा करपलेला पुठ्ठा सगळ्यांना दिसला.

नोरीनचं अंडं झाकणावर थरथरलं. पांढरं जरासं धुरकट झालं, जणू शिजावं की नाही याचा विचार करत होतं. बर्लने थोटूक पायाखाली चिरडलं, तरी पिवळं आपलं डोळा वटारून क्लॅरीकडे बघतच होतं.

क्लॅरी थंडीबद्दल काहीतरी पुटपुटला. नोरीनने त्याचं अंडं पावात घेतलं, वर टोमॅटो सॉस ओतला आणि त्याच्याच बॉनेटला टेकून खायला लागली.

"मीठ कमी आहे, भाऊजी," ती म्हणाली. "लेकीला कळवा. म्हणावं, सुट्टीत तूच ये."