एकसारखं कुरण

गवतातलं भरमूला लई कळतं, असं सगळ्या कडोलीत एकच माणूस म्हणायचा आणि तो माणूस म्हणजे खुद्द भरमू.

सदलग्याच्या पाहुण्यानं मारवेल गवताचा एक जाडजूड ठोंब दिला होता. भरमूनं तो फोडून फोडून माळाच्या तुकड्यात लावला आणि चार पावसाळ्यांत सगळं कुरण त्या एका ठोंबाच्या पोराबाळांनी भरलं. मधूनच डोंगरावरचं रानटी मारवेल डोकं काढी, कुठं ठेंगणं, कुठं तांबूस, कुठं केसाळ. भरमू ते मुळासकट उपटी आणि चुलतभाऊ भावकूच्या बांधावर भिरकावून देई. दावणीला गाभण म्हैस, तिचं सगळं पोट ह्या कुरणावर, पण ह्याचा जीव कुरणाच्या देखणेपणात.

"न्हाव्यानं कापल्यागत दिसतंय का न्हाय?" तो बायकोला विचारी.

"म्हस काय आरशात बगून खाती व्हय?" मालुबाई म्हणे.

भादव्यात तांबेरा पडला. आज एका पानावर दिसला आणि बघता बघता सगळं कुरण विटेच्या रंगाचं झालं. तेही अगदी एकसारखं. म्हशीनं वैरण हुंगली आणि तोंड फिरवलं.

भावकूच्या बांधावर मात्र निम्मे ठोंब जळाले होते आणि निम्मे हिरवेगार उभे होते. सगळे भरमूनंच फेकलेले आणि तिथं रुजलेले. बांधाच्या भांडणावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. तरी भरमू पटका हातात घेऊन गेला.

"आण्णा, बांधावरचं गवत पायजे हुतं."

"माझं कुठलं? तूच टाकलंस की."

"कचरा म्हणून टाकलतं."

"ठावं हाय. माझी म्हस तुझ्या कचऱ्यावरच दूध देती." भावकूनं विळा पुढं केला. "भारा बांद. ठोंबबी ने."

भरमूला हसू आलं आणि डोळेही भरले. एवढ्या वर्षांत आपण घरची वैरण स्वतःच्या हातानं शेजारी पोचवत होतो, ह्या अकलेला काय म्हणावं, ते त्याला कळेना.

म्हैस सुखरूप व्याली. पुढच्या मृगात भरमू बांधावरचे ठोंब माळावर लावत होता, ठेंगणे, तांबूस, केसाळ, हाताला येतील तसे. भावकू येऊन उभा राहिला.

"ह्यातला चांगला कंचा रं? तुला लई कळतंय न्हवं?"

"ठावं न्हाय," भरमू मान वर न करता म्हणाला. "म्हणून तर समदंच लावतोय. निवडाय बसलो, तर चांगलंच आदी उपटीन."