डावी टाकी

सोलबीने मनाशी पक्कं केलं होतं. आज शेवटचं. आज लाटेवर उभं राहता आलं नाही, तर दुपारी चुनचन शहरातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपली सर्फिंगची फळी विकून टाकायची आणि मोकळं व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात स्पर्धेत तिचा गुडघा गेला. त्याआधी गाप्योंगच्या अख्ख्या नदीकाठावर बोटीमागच्या लाटेवर तिच्यासारखी फळी नाचवणारी दुसरी नव्हती, हे तिचा हेवा करणारेसुद्धा कबूल करतात. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिने मोजले आणि म्हणाले, झाला बरा. पण यंदा जेव्हा जेव्हा ती पाण्यात उतरली तेव्हा तेव्हा तेच. या खेळात बोटीचा दोर धरून उभं राहायचं आणि लाट धरली की दोर सोडायचा; पण दोर सोडला की बोट पुढे आणि ही मागे. गुडघाच दगा देतोय, असं तिच्या डोक्याने घेतलं. पोरगी हसायची बंद झाली, जेवणावरून उठून जायला लागली, आणि घरात कुणी गुडघ्याचं नाव काढेना.

बोट तिच्या अप्पांची. तिचा बाप चोल्गू म्हणजे घाईचा माणूस. रामेनच्या शेवयांना उकळी फुटायच्या आत काड्या घालून बसणारा. यंदा त्याने जुनी बोट काढून सगळे आकडे पडद्यावर दाखवणारी नवी घेतली होती आणि त्या पडद्याचं कौतुक त्याला पुरेनासं झालं होतं. बोटीच्या पोटात टाक्या असतात. त्यांत पंपाने नदीचं पाणी भरायचं. ज्या बाजूला वजन, त्या बाजूला लाट. सोलबीची बाजू डावी. जुन्या बोटीत टाकी भरली की कडेच्या भोकातून पाण्याची चूळ उडायची. लहानपणी सोलबी मुद्दाम त्या भोकाखाली तोंड धरून बसायची. नव्या बोटीलाही तसं भोक होतं, पण आता तिकडे बघतंय कोण? पडद्यावर शंभर आकडा आला की भरली टाकी.

त्या सकाळी नदी गुळगुळीत होती. तिची आई, ऑम्मा, मागच्या बाकावर उकडलेली कणसं मांडीवर घेऊन बसली होती. वळणापाशी पोचेपर्यंत पडद्यावर शंभर आलं, सोलबी पाण्यात उतरली, दोर धरून उभी राहिली, आणि दोर सोडताक्षणी मागे पडली.

बोट वळून तिच्याजवळ आली. सोलबीने शिडी धरली खरी, पण तिच्याने वर चढवेना. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिने तोंड बोटीकडे वळवलं. समोर बोटीच्या डाव्या कडेचा लाल पट्टा होता. कोरडा खडखडीत.

तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. टाकी भरली असती तर हा पट्टा पाण्याखाली जायला हवा होता.

"अप्पा, डावी टाकी किती?"

"शंभर."

"पट्टा वर आहे."

"पडदा काय खोटं बोलेल? तू वर ये आधी, गार पडशील."

"पंप कधी लावलात?"

"धक्का सोडला तेव्हाच. वाटेत भरून होते. उगाच वेळ कशाला घालवायचा?"

"वेगात?"

"मग काय, वल्ही मारत आणू तुला?"

सोलबीने पाण्यातून बोटीच्या तळाकडे पाहिलं. पंपाचं तोंड बोटीच्या तळाशी. बोट भरधाव निघाली की तिथे पाणी कुठलं, नुसता फेस आणि हवा. पंप आपला हवा गिळत घरघरत राहणार. आणि पडद्याला पाणी दिसतच नाही. रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो तेवढं त्याला पढवलेलं. तेवढा वेळ पंप चालला की तो शंभर म्हणून मोकळा.

तिने ते सांगितलं तसा चोल्गू आधी उसळला, मग पडद्याकडे बघत राहिला, मग कडेवरून वाकून पट्ट्याकडे. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे हे सगळे दिवस..." तो म्हणाला. पोरीला आपण पाडत होतो, हे त्याला म्हणवेना.

"अहो, कणीस खा," ऑम्मा म्हणाली. "तोंड बंद राहील आणि हातही पंपाच्या बटणाकडे जाणार नाही."

पडदा आणखी पाणी घ्यायला तयार होईना. त्याच्या लेखी टाकी भरलेलीच होती. तेव्हा आधी सगळी उपसून पडद्याला शून्यावर आणलं आणि उभ्या बोटीत पुन्हा पंप लावला. चोल्गूने कणीस संपवलं, तोंड पुसलं, सुकाणूवर बोटं वाजवली.

"शंभर आलं," तो म्हणाला.

"आलं तर आलं," भोकाखाली तरंगणारी सोलबी म्हणाली. "अजून थांबा."

"अहो, जन्मात एकदा थांबून बघा," ऑम्मा म्हणाली.

चोल्गू थांबला. बोट डावीकडे कलत गेली, लाल पट्टा पाण्यात बुडाला, आणि भोकातून गार पाण्याची चूळ थेट सोलबीच्या तोंडावर आली. तिला ठसका लागला, आणि ठसक्यातच ती खदखदून हसली. चोल्गूने सुकाणूवर मान टेकवली आणि बराच वेळ वर केली नाही.

मग तिने फळी पायाखाली घेतली. ऑम्माने दोर फेकला आणि ती फोनवर कुणाशी तरी बोलत बसली. बोट हळूहळू वेगाला आली. डावीकडे लाट उठली, गच्च, कमरेएवढी. सोलबी उभी राहिली. गुडघा थरथरला, पण धरून राहिला. तिने दोर सोडला. यावेळी लाटेने तिला मागे टाकलं नाही, पुढे ढकललं. चोल्गू आरशात बघत होता. पडद्याकडे त्याची नजरच नव्हती. नदीचं पुढचं वळण येईपर्यंत ती पडली नाही.

परत शिडीला धरून धापा टाकत ती म्हणाली, "ऑम्मा, त्या चुनचनच्या माणसाला फोन कर. म्हणावं येऊ नका."

"केला मघाशीच," ऑम्मा म्हणाली.

"मघाशी कधी? मी तर आत्ता उभी राहिले."

ऑम्माने उरलेलं कणीस तिच्या हातात दिलं. "तोंडावर पाणी उडालं ना तुझ्या, त्यानंतर लगेच. हसलीस की गं."