खड्ड्याची मागची कड

सकाळी सात वाजता, उम्म अल कुवैनच्या नव्या गोल्फ कोर्सवर, सुचित्राच्या सासूबाई वाळूच्या खड्ड्यात उभ्या होत्या. खड्डा सुनेनंच आखला होता. हे पुण्याच्या नातेवाइकांना कळलं असतं तर कुणाला फारसं नवल वाटलं नसतं.

वाळवंटात खड्डा खणायचा आणि त्यात घालायला वाळू ट्रकनं मागवायची, असा हा धंदा. इथली वाळू म्हणे फार बारीक.

सातव्या होलच्या हिरवळीपुढे तो आडवा पसरला होता. समोरची भिंत छातीइतकी, पट्टीच्या खेळाडूला घाम फोडायला. मागची कड मात्र जेमतेम घोट्याइतकी आणि डावीकडे रुंद वाट, म्हणजे नवख्याला वळसा घालता यावा, नाहीतर निदान माघार घेता यावी. पाच वर्षं दुसऱ्यांचे नकाशे रंगवल्यावर सुचित्राला मिळालेला हा पहिला, स्वतःचा खड्डा.

प्रोजेक्ट मॅनेजर हनीफसाहेबांना तो रुचला नव्हता. "गड्ढा है तो चारों तरफ से गड्ढा हो," असं त्यांचं मत. शेवटी ठरलं की एका नवख्यानं बारा फटक्यांत होल पुरा केला तर खड्डा राहील, नाहीतर मागची कडही आजच उंच होईल. त्यासाठी जेसीबी बाजूला उभाच होता. ठरलेली नवखी, अकाउंट्समधली नबिला, ऐन वेळी तापानं पडली, म्हणून सुचित्रानं पहाटे दुबईतल्या करामाहून सासूबाईंना, अपर्णाताईंना, आणलं. त्यांनी आयुष्यात एकदाच, गेल्या शुक्रवारी, गोल्फची काठी धरली होती.

"कुछ बताना नहीं, मॅडम," हनीफसाहेबांनी बजावलं होतं. "मराठी में भी नहीं."

चार फटक्यांत अपर्णाताई खड्ड्याच्या काठाशी आल्या. डावीकडची वाट बघ्यालाही दिसत होती. पण सून कुकर खालच्या फळीवर ठेवते, तो वरच्याच हवा, या हट्टावरून ज्या बाई तीन आठवडे तसूभर हटल्या नव्हत्या, त्या वळसा कशाला घालतात? पाचवा फटका नाकासमोर. चेंडू वाळूत.

सहावा भिंतीवर आदळून पायाशी आला. सातवाही. आठव्याला चेंडू भिंतीच्या माथ्यापर्यंत चढला, तिथं क्षणभर थांबला आणि विचार बदलल्यासारखा खाली घरंगळला.

जेसीबीवाल्यानं इंजिन सुरू केलं.

अपर्णाताईंनी सुनेकडे पाहिलं. सुचित्रानं नजर समुद्राच्या दिशेनं वळवली. ओठ इतके घट्ट मिटले होते की दातांचा ठसा उमटला असावा.

"बोलत का नाहीस गं?"

सुचित्रानं मान हलवली.

"घरी तर बोलायची थांबत नाहीस."

हनीफसाहेब घड्याळ बघत होते. अपर्णाताईंनी भिंतीकडे पाहिलं, मग मागे वळून आपल्याच पावलांच्या ठशांकडे. मागच्या कडेवरून त्या सहज पाऊल टाकून उतरल्या होत्या. मांडीचं दुखणं असूनही.

त्यांनी हिरवळीवर चेंडू ढकलायची ती बुटकी काठी मागितली, होलकडे पाठ केली आणि चेंडू हळूच मागे लोटला. तो कडेवरून अलगद बाहेर गवतावर गेला.

"नऊ," हनीफसाहेब म्हणाले.

दहावा डाव्या वाटेनं हिरवळीवर. अकरावा भोकापासून हातभर.

बारावा फटका अपर्णाताईंनी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तितक्या बेतानं मारला. चेंडू काठावरून अर्धा फेरा मारून आत पडला.

हनीफसाहेबांनी जेसीबीवाल्याला हात केला. "खलास. बंद कर."

गाडीत बसताना अपर्णाताईंनी चपलेतली वाळू बाहेर झटकली.

"मागची कड बुटकी ठेवलीस, ती मुद्दाम?"

"हो, आई."

"माझ्यासारख्यांसाठी?"

सुचित्रानं गिअर बदलला. गाडी ऑटोमॅटिक होती.

"कुकर खालच्या फळीवर राहू दे," अपर्णाताई म्हणाल्या. "डब्यांचं मात्र आपण घरी गेल्यावर बघू."