हरणी मोकळी सोडली तेव्हा

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. निमगाव साव्याच्या संपतच्या गोठ्यात सात गायी होत्या आणि त्यातली हरणी त्या दिवशी सकाळी उठायला तयार नव्हती. संपतनं खांदा लावला, बायको ठकूबाईनं समोरून दावं ओढलं, तेव्हा ती कशीबशी उभी राहिली. पण मागचा डावा पाय तिनं जमिनीला टेकवला नाही. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

डॉक्टर आले. त्यांनी वाढलेली खुरं साळली, इंजेक्शन दिलं आणि जाता जाता म्हणाले, "औषधानं सूज उतरेल. पण ही दिवसरात्र कोब्यावर एका जागी बांधलेली. बसताना गुडघा घासतो, उठताना पाय घसरतो. सूज परत येणार."

संपतला ते लागलं. आठ वर्षांपूर्वी तो सिमेंटचा कोबा त्यानं स्वतः उभं राहून घालून घेतला होता. रोज सकाळी पाण्यानं धुतला की त्यात पत्र्याचं प्रतिबिंब दिसायचं. गावात असा गोठा दुसरा नव्हता.

पंधरा दिवसांत सूज उतरली आणि परत आली. संपतनं ठकूबाईला न विचारताच गुरांच्या व्यापाऱ्याला बोलावलं. टेम्पो दारात उभा राहिला, तसा ठकूबाईनं झाडू खाली ठेवला.

"गाय इकायची न्हाई," ती व्यापाऱ्याला म्हणाली.

"अगं, लंगडी गाय ठिवून काय करायचं?" संपत म्हणाला.

"माझं बी दोन्ही गुडघं दुखत्यात. मला बी घाला टेम्पोत."

व्यापारी हसला, चहा पिऊन निघून गेला. संपत मात्र दोन दिवस धुसफुसत होता. हरणीची आई तिला जन्म देताना मेली होती आणि ठकूबाईनं तिला बाटलीवर वाढवलं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्यानं व्यापाऱ्याला परत बोलावलं नाही.

गोठ्यामागं चिंचेखाली तीन-चार गुंठे जागा पडीक होती. ठकूबाईनं आणि सून हर्षालीनं मिळून जुन्या कांदाचाळीचे बांबू रोवले, ठिबकच्या फुटक्या नळ्या आडव्या ताणल्या आणि एक वेडंवाकडं कुंपण उभं केलं. मुलगा चाकणला कंपनीत. रविवारी आला तेव्हा त्यानं एका कोपऱ्यात पाण्याची टाकी बसवली.

"गाय काय शेळी हाय व्हय मोकळी सोडायला?" संपत ओट्यावरून म्हणाला. "दूध कमी करंल ती."

ठकूबाईनं हरणीचं दावं सोडलं. पण हरणी आत गेली आणि दारापाशीच उभी राहिली. गळ्यात काही नव्हतं, तरी दोन हातांच्या पलीकडं ती सरकेना. तासभर तशीच. शेवटी ठकूबाई स्वतः चिंचेखाली जाऊन बसली आणि तिला हाक मारत राहिली. तेव्हा हरणी लंगडत, थांबत थांबत आली आणि खोडाला मान घासू लागली.

फाल्गुनात तिचा पाय टेकायला लागला. ती माजावर आली, डॉक्टरांनी भरवली आणि ती गाभण राहिली.

चैत्रातल्या एका सकाळी संपत चारा घेऊन कुंपणाशी आला आणि त्याच्या हातातली पेंढी गळून पडली. हरणी उन्हात आडवी पडली होती. मान जमिनीवर, चारी पाय ताणलेले.

"ठके! अगं हरणी गेली!"

तो नळ्यांवरून उडी मारून आत धावला. तिच्या पोटावर हात ठेवला. पोट सावकाश वरखाली होत होतं. हरणीनं एक डोळा उघडून त्याच्याकडं बघितलं, परत मिटला.

ठकूबाई धापा टाकत आली. "झोपलीये ती, आवं."

संपत तिथंच उकिडवा बसला. चाळीस वर्षं त्यानं गायी राखल्या होत्या. पण मान टाकून, अंग सोडून झोपलेली गाय त्यानं कधी पाहिली नव्हती. दाव्याला तेवढी लांबीच नव्हती. बराच वेळ तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी तो न सांगता बांबू घेऊन आला आणि उरलेल्या सहा गायींपुरती जागा वाढवली.

पावसाळा मात्र कठीण गेला. श्रावण लागेपर्यंत चिंचेखाली नुसता राडा झाला. गायी पोटापर्यंत चिखलानं माखायच्या. त्यातल्या एकीची कास सुजली, दुधात गाठी आल्या. तिची धार काढताना ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "बांधा परत सगळ्यांना कोब्यावर. तुमी म्हणत व्हता तेच खरं व्हतं."

संपत दारात उभा राहून पाऊस बघत होता. "न्हाई," तो म्हणाला. "चिखल आपण केलाय, गायींनी न्हाई. पानी जायला वाटच ठिवली नव्हती."

पाऊस उघडला त्या दिवशी त्यानं कडेनं चर खणला. तीन ट्रॉल्या मुरूम आणून मधोमध उंचवटा केला, तो रोलरनं दाबून घेतला. गायी आपापल्या त्या उंचवट्यावर जाऊन बसू लागल्या. सुजलेली कास औषधानं बरी झाली.

मार्गशीर्षात हरणी व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. चौथ्या दिवशी ती कुंपणाच्या कडेकडेनं असल्या काही उड्या मारायला लागली की हर्षाली मोबाईलवर व्हिडिओ काढत बसली. हरणी कालवडीमागं चारी पाय टेकवत चालत होती.

शेजारच्या मळ्यातला मच्छिंद्र बघायला आला. त्याच्याही गोठ्यात दोन गायींचे पाय सुजले होते.

"लई बेस केलंय, संपतभाऊ. कसं जमवलं राव? मला नीट सांगा."

 संपतनं कालवडीला पुसून काढणाऱ्या ठकूबाईकडं बोट केलं.

"तिला इचार. मी तर टेम्पो बोलावला व्हता."