विळ्यावर चढलेले तांबे

जेथे माणसे एकमेकांवर विश्वास ठेवीत नाहीत, तेथे कामे राहून जातात असे नव्हे. उलट एकच काम दोनदा होते, आणि त्याचा ताप मुक्या जिवांना सोसावा लागतो. संशय स्वतःस सावधगिरी म्हणवतो. म्हणून त्याला ओळखणे कठीण असते.

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. महामार्गावर मोडून पडलेल्या एका मालमोटारीच्या कमानपाट्यातून सोनगीरच्या लोहाराने मला घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. बन्सीलाल नानांनी मला विकत घेतले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. मी त्यांची ज्वारी कापली, बाजरी कापली, लिंबाच्या बागेतले तण काढले. शेजारी मला मागून नेत आणि धारेची स्तुती करीत. पुढे लिंबाची बाग काढून त्या जागी कोंबड्यांची शेड उभी राहिली. मग मला खाद्याच्या खोलीत एका खिळ्यावर अडकवले गेले. पोत्याची शिवण उसवणे एवढेच माझे काम उरले, आणि अंगावर गंज धरू लागला.

शेडचा कारभार नानांची सून दिपमाला पाहत असे. ती धुळ्याच्या देवपुरातली, शिकलेली. खाद्य घालणे, पाणी भरणे, तूस पसरणे ही कामे पुना करी. तो बायकोमुलांसह शेडलगतच्या खोलीत राहत होता.

यंदाच्या थंडीत पाखरे खाईनाशी झाली. वजन वाढेना, तुरे फिके पडले, रोज काही मरू लागली. घराची नजर बदलली ती तेव्हापासून. दिपमाला खाद्याचे पोते उघडताना आधी शिवण तपासू लागली. नाना पुनाच्या मागे चार पावलांवर उभे राहू लागले. मीही खिळ्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांकडे पाही. कधी खाद्याच्या गाडीवाल्याचा संशय येई, कधी पुनाचा.

एके दुपारी नानांनी विचारले, "पुना, खरं सांग. पानीमा तू काय टाकस?"

"पानीमा पानीच टाकस, नाना," पुना म्हणाला. "मनी सासूबी इतली झडती लेस नही."

नाना हसले नाहीत.

पशुवैद्य डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मेलेले एक पाखरू उघडले आणि पोटातली दाणे दळणारी पिशवी, म्हणजे पथरी, सर्वांना दाखवली. तिचे आतले अस्तर भेगाळलेले होते. "अन्नातून किंवा पाण्यातून काहीतरी जास्त जातंय," त्या म्हणाल्या. "पाण्यात काही घालता का?"

नाना म्हणाले, "नाही." दिपमाला म्हणाली, "नाही." आणि दोघांनीही पुनाकडे पाहिले.

डॉक्टरबाई पाण्याचा नमुना घेऊन गेल्या, पण नानांना निकालापर्यंत धीर निघाला नाही. पुनाने सामान आवरावे असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी अंगणात त्याचे गाठोडे बांधून तयार होते आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून बसली होती. कामापेक्षा नाव जाते याचे तिला अधिक दुःख होते. विष घालणारा म्हणून ज्याचे नाव झाले, त्याला पंचक्रोशीत कोण उभे करणार?

तेव्हा नानांनी मला खिळ्यावरून काढले. लिंबाच्या बागेत फवारणीसाठी निळे मोरचूद आणि चुना कालवीत, तेव्हा ते मला घासून त्या पाण्यात बुडवीत. मोरचूद जास्त उरले असेल, तर त्यातले तांबे लोखंडावर चढते आणि विळा लालसर होतो. ती परीक्षा त्यांना आठवली. पुनाचा अपराध सर्वांसमोर सिद्ध करावा, हा त्यांचा हेतू होता. त्यांनी मला विटकरीने घासून पाखरांच्या पाण्याच्या टाकीत सोडले. टाकी निळ्या प्लास्टिकची, त्यामुळे पाण्याचा निळसर रंग आजवर कोणाला दिसला नव्हता. काही वेळाने मला वर काढले, तर माझ्या पात्यावर तांबूस लेप चढला होता.

"हाई मोरचूद शे," नाना म्हणाले. "बोल आते."

"मोरचूदना डबाले कुलूप तुमनं, किल्ली तुमना करगोटाले," पुना शांतपणे म्हणाला. "मी काय मंतर मारीसन आनसू?"

मग दिपमाला पुढे आली. "पुनाभाऊंना काही विचारू नका, नाना. रोज सकाळी मी चमचाभर टाकते, धुळ्याहून आणलेलं. मागच्या तुकडीच्या गळ्यात बुरशी झाली, तेव्हा डॉक्टरबाईंनी चार दिवस सांगितलं होतं. बुरशी परत येईल या भीतीने मी बंदच केलं नाही."

"मंग डॉक्टरबाई इचारत व्हत्यात, तवय का बरं बोलनी नही?"

"तुमचाही डबा अर्धा झालाय, नाना. बाग काढून तीन वर्षं झाली."

नाना टाकीखालच्या ओट्यावर बसले. डॉक्टरबाईंनी सांगितलेले ते औषध सून विसरेल या शंकेने तेही पहाटे स्नान झाल्यावर एक चिमूट सोडीत होते; एवढ्याशाने विळा लाल होणार नाही, अशी त्यांची समजूत होती. दोघांनी एकमेकांपासून लपवले ते चांगल्याच हेतूने.

"बठ्ठा चोर घरमाच शेतस," पुना म्हणाला, "आन् गाठोडं मनं बांधाई गयं."

नाना उठले. त्यांनी ते गाठोडे स्वतः उचलून पुनाच्या खोलीत नेऊन ठेवले. बाहेर येऊन म्हणाले, "टाकी रिकामी कर, पुना. आतेपाईन पानीमा जे पडी, ते चोरून नही, बठ्ठासना देखत पडी."

दिपमालेने फोन करून डॉक्टरबाईंना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, तांबे पाखराला हवेच. रक्त घडायला, हाड आणि पीस धरायला ते लागते. पण अंशमात्र, आणि तेवढे खाद्यात आधीच असते. ते वाढले की जस्त आणि लोह यांची वाट अडते, आणि पोषण करणारेच पोट जाळू लागते. स्वच्छ पाण्यावर आठवडाभरात पाखरे दाण्यावर आली. जी गेली ती गेली.

मित्रांनो, जे हितकर आहे त्याचेही माप असते. ते माप घरातल्या सर्वांना ठाऊक असू द्या. प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. आणि आम्हा जुन्या अवजारांना अधूनमधून तेलाचा हात फिरवीत जा.

त्या शेडमधल्या पाखरांना अन्न पचो. दिपमालेला मनातले बोलण्याचा धीर मिळो. नानांची पहाट निःशंक उगवो. पुनाच्या घरची चूल त्याच जागी पेटती राहो.