नानांची ओवाळणी

दिपमालाने मोनालीच्या हातातलं औक्षणाचं ताट हिसकावून घेतलं आणि टेबलावर आदळलं. निरांजन आडवं झालं, तेल कुंकवात सांडलं.

“कुणीही ओवाळायचं नाही. कळलं?”

गटातल्या पोरी काठपदराच्या साड्या नेसून भिंतीला लागून उभ्या होत्या. त्यांना तसं नटवून उभं केलेलं बघूनच दिपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन वर्षं दर रविवारी देवपूरहून एसटीने ती या गावात यायची, मुलींचा गट चालवायला. बोला, भांडा, आपलं मत मांडा, हे शिकवायला. सोसायटीचं बंद पडलेलं गोदाम अभ्यासिकेसाठी मिळावं म्हणून ग्रामसभेत उभ्या राहिल्या त्या याच पोरी. उंदरांची घाण यांनी काढली, चुना यांनी मारला. आणि आज उद्घाटनाच्या बॅनरवर फोटो कुणाचा? तरुण मंडळाच्या हितेंद्रचा! किल्ली होती त्याच्या काकांच्या, गावचे पुढारी सुकलालनानांच्या खिशात. भाषण झालं की ती समारंभाने पुतण्याच्या हातात जाणार होती. आयत्या बिळावर नागोबा. मग आत कॅरम मांडला जाणार आणि गटातली रूपा पुन्हा एका खोलीच्या घरात, चालू टीव्हीसमोर पुस्तक धरून बसणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

“कामं तुमची आणि तुम्हाला काय दिलं? तर स्वागतगीत आणि ओवाळणं. चला, निघा सगळ्या इथून.”

कुणी हललं नाही. मोनाली गटाची अध्यक्ष. ती वाकून निरांजन सरळ करत होती.

“ताई, हे कोणी ठरवलं?”

“मी.”

“मग ठराव? हात वर केल्याशिवाय काही ठरवायचं नाही, तुम्हीच सांगता ना?”

“करा मग हात वर!”

“ओवाळायचं आहे त्यांनी करा,” मोनाली म्हणाली.

सगळ्यांचे हात वर गेले. रूपाचासुद्धा.

का, ते दिपमालाने विचारलं नाही. दोन वर्षं घसा कोरडा केला तो पालथ्या घड्यावर पाणी घालायला, असं मनात म्हणत ती मांडवात जाऊन बायकांच्या मागे उभी राहिली. घरी निघून जावंसं वाटत होतं, पण पाय निघत नव्हता. रागाने तिला रडू येईलसं झालं होतं.

स्वागतगीत झालं. मोनालीने नानांना कुंकू लावलं, ओवाळलं. नानांनी शंभराची नोट ताटात टाकली आणि ते माइककडे वळले. मोनाली जागची हलली नाही. तिने नोट उचलून त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवली.

“नाना, पैसा नको. किल्ली द्या.”

“काय?”

“ओवाळणी शे आमनी. ताटमा किल्ली टाका.”

माइक चालू होता. मांडवभर ऐकू गेलं. बाकीच्या पोरी मोनालीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. हितेंद्र खुर्चीतून उठला. तेवढ्यात पुढे बसलेल्या म्हाताऱ्या झुंबरबाईंनी पदर सावरला आणि मोठ्याने म्हटलं,

“दी टाका, नाना! ओवाळनारी पोरले नाही म्हनतस का कोनी?”

बायका हसल्या. नानाही हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे पाहिलं.

“मॅडम, हे तुम्ही शिकवलं का यांना?”

सगळा मांडव मागे वळला. हो म्हणणं सोपं होतं, आणि दोन वर्षांच्या कष्टांना ते शोभलंही असतं.

“नाही,” दिपमाला म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. “मी तर ओवाळूच नका म्हटलं होतं. त्यांनी माझं ऐकलं नाही.”

मोनालीने मागे वळून पाहिलं नाही. तिने ताट आणखी थोडं पुढे केलं.